भूक लावणारा रिसेप्टर बंद केला तर भूक थांबेल ना? मग तसं औषध का नाही?

स्वल्पविराम:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते. बारावीपर्यंत बायो होतं, नंतर सुटलं, पण वाचायची हौस आहे. सध्या भुकेबद्दल जे मिळेल ते वाचतेय आणि सगळीकडे एक नाव येतंच, न्यूरोपेप्टाइड वाय म्हणजे एनपीवाय. हे उंदराच्या मेंदूत सोडलं की पोट भरलेला उंदीरसुद्धा खात सुटतो म्हणे. मला समजलं ते असं की पेप्टाइड ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप, किल्ली लागली की भूक लागली. मग त्या कुलपात दुसरंच काहीतरी अडकवून ठेवलं तर खरी किल्ली आत जाणारच नाही आणि भूक थांबायला हवी, बरोबर ना? एनपीवाय सापडून ४० वर्षं होऊन गेली, तरी असं औषध का नाही?

दुसरा प्रश्न माझ्यापुरता आहे. मी वजन कमी केलं, नीट ठरवून, आणि बऱ्यापैकी कमी झालं. पण आता भूक आधीपेक्षा जास्त लागते, आणि नुसती पोटातली नाही, डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार. हातपाय गार पडतात, झोप उथळ झालीये आणि पाळी पुढेपुढे जातेय. घरचे म्हणतात जिभेवर ताबा ठेव, एवढं केलंस आता थोडक्यासाठी घालवू नकोस. मला हे खरंच कळून घ्यायचंय की भुकेच्या पेप्टाइडचा आणि थंडी वाजण्याचा, पाळीचा काय संबंध? का दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि मीच जोडतेय?

मेंदूवेडा:
वेगळ्या नाहीत, तुम्ही जोडताय ते बरोबर आहे. पीएचडी याच न्यूरॉन्सवर केली त्यामुळे उत्तर लांबेल, सवडीने वाचा.

कुलूप-किल्ली शाळेत शिकायला ठीक आहे, भुकेच्या बाबतीत ती लवकर अपुरी पडते. पहिलं म्हणजे किल्ली एक आणि कुलपं अनेक. एनपीवाय १९८२ मध्ये तातेमोतो या जपानी शास्त्रज्ञाने स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं, ३६ अमिनो ॲसिडची छोटी साखळी आहे. याचे रिसेप्टर बघा, वाय१ आणि वाय५ चेतवले की खाणं वाढतं, पण वाय२ हा बऱ्याचदा एनपीवाय सोडणाऱ्या न्यूरॉनच्याच टोकावर बसलेला असतो आणि त्याचं काम उलटं, पुरे झालं आता सोडणं कमी कर असं त्या न्यूरॉनला सांगायचं. म्हणजे तोच रेणू एका जागी खाणं वाढवतो आणि दुसऱ्या जागी स्वतःलाच आवरतो. जेवल्यावर आतड्याच्या खालच्या भागातून पीवायवाय नावाचं याचंच भावंड रक्तात येतं, त्याचा एक तुकडा याच वाय२ ला धरतो आणि भूक शमवायला मदत करतो. आणि वाय१ फक्त मेंदूत नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही आहे, तिथे तो रक्तवाहिनी आवळतो. आता सांगा, 'एनपीवायचा रिसेप्टर बंद करा' म्हणजे नेमका कुठला आणि कुठचा?

तरी लोकांनी प्रयत्न केला. वाय५ ला अडवणारी गोळी बनवली, माणसांवर पूर्ण वर्षभराची ट्रायल झाली, २००६ मध्ये निकाल आले आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत वजनातला फरक निघाला एक किलोच्या आसपास. रिसेप्टर नीट बंद झाला होता बरं का, औषध मेंदूत पोचत होतं. पण भूक त्या एका रिसेप्टरच्या भरवशावर बसलेलीच नव्हती.

याचा अंदाज खरं तर १९९६ मध्येच यायला हवा होता. तेव्हा अमेरिकेत एनपीवायचं जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले. सगळ्यांना वाटलं हे वाळून जाणार. ते मजेत खात होते, वजन नॉर्मल, उपाशी ठेवून परत अन्न दिलं तरी बाकीच्यांसारखेच तुटून पडायचे. फरक दिसला तो दुसरीकडेच, त्यातल्या काहींना फिट्स येऊ लागल्या. कारण एनपीवाय मेंदूत इतर ठिकाणी न्यूरॉन्सचा अतिरेक आवरायचं काम करतं.

मग २००५ मध्ये कोणीतरी वेगळा विचार केला, पेप्टाइड नको, ते सोडणारे न्यूरॉनच मारून बघू. हे न्यूरॉन मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या तळाशी आर्क्युएट न्यूक्लियस म्हणून जागा आहे तिथे असतात, अगदी मूठभर, आणि ते एनपीवायच्या जोडीला एजीआरपी नावाचं दुसरं पेप्टाइड सोडतात आणि वर गाबा पण, म्हणजे इतर न्यूरॉन्सना शांत करणारा न्यूरोट्रान्समीटर. पूर्ण वाढलेल्या उंदरांमध्ये हे मारले तर उंदरांनी खाणंच सोडलं, काही दिवसांत उपासमारीने मरायची वेळ आली. पण तेच न्यूरॉन नवजात पिल्लांमध्ये मारले तर फारसं काही बिघडलं नाही, पिल्लं वाढली, खाल्लं, मोठी झाली. वाढत्या मेंदूने दुसरी वाट काढली. मला अजूनही हा निकाल वाचला की थांबायला होतं, कारण यातून कळतं की शरीराने भूक ही गोष्ट किती मोलाची मानलीये. जिचं जाणं म्हणजे मरणं, ती यंत्रणा एका तारेवर ठेवणं परवडणारच नाही.

आता तुमच्या कुलपाला आणखी एक धक्का. एजीआरपी ज्या रिसेप्टरवर काम करतं त्याचं नाव एमसी४आर. हा रिसेप्टर कोणी हात लावला नाही तरी थोडा चालूच असतो, आणि चालू असणं म्हणजे 'पोट भरलंय' हा संदेश. अल्फा-एमएसएच नावाचं पेप्टाइड आलं की तो संदेश वाढतो, एजीआरपी आलं की नुसता अडत नाही तर मूळच्या पातळीच्याही खाली जातो. म्हणजे तिथे लागलं किंवा नाही लागलं असे दोनच पर्याय नाहीत, वर-खाली सरकत राहणारी पातळी आहे, आणि एकाच रिसेप्टरवर दोन विरुद्ध पेप्टाइड सतत ओढाताण करत असतात.

आणि हो, वेळ. साधा न्यूरोट्रान्समीटर मिलिसेकंदात काम करतो आणि परत शोषला जातो. न्यूरोपेप्टाइड वेगळ्या, मोठ्या पुटिकांत म्हणजे पेशीतल्या पिशव्यांत भरलेलं असतं, न्यूरॉन जोरात आणि सलग फायर झाला तरच बाहेर पडतं, मग आजूबाजूला पसरतं, परत शोषलं जात नाही, एन्झाइमने तुटेपर्यंत टिकतं. म्हणून त्याचा परिणाम मिनिटं, कधीकधी तासन् तास राहतो. भूक एकदा चढली की ती लगेच उतरत नाही त्यामागे हे एक कारण आहे.

स्वल्पविराम:
बाप रे, खूप खूप आभार. दोनदा वाचलं. एक विचारू का, हे न्यूरॉन पोटात अन्न गेल्यावर शांत होतात का रक्तात साखर वाढल्यावर?

मेंदूवेडा:
सगळ्यांना तसंच वाटायचं. २०१५ मध्ये जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदरांच्या मेंदूत बारीक फायबर घालून या एजीआरपी न्यूरॉन्सची हालचाल थेट बघितली गेली. उपाशी उंदीर, न्यूरॉन जोरात चालू. पिंजऱ्यात अन्न ठेवलं. उंदराने अजून तोंडही लावलेलं नाही, नुसतं दिसलंय आणि वास आलाय, आणि काही सेकंदांत न्यूरॉन्सची धडपड झपकन खाली आली. अन्न काढून घेतलं की परत वर. अन्न जितकं आवडीचं तितकी घट जास्त. म्हणजे हे न्यूरॉन पोटात काय आहे एवढंच मोजत नाहीत, आता किती मिळणार आहे याचा आधीच अंदाज बांधतात, आणि नंतर आतड्यातून येणारे संदेश तो अंदाज पक्का करतात किंवा मोडतात. नुसतं दाखवून पोटात काही गेलंच नाही तर ते पुन्हा पेटतात.

म्हणून भूक म्हणजे रिकामं पोट हे समीकरण मी तरी वापरत नाही.

रातराणी:
मी एंडोक्रिनॉलॉजीत म्हणजे हॉर्मोनच्या विकारांच्या विभागात काम करते. वरचं सगळं पटलं, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहिते कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

एकच रेणू, अनेक कामं, हे बघायचं असेल तर पीओएमसी बघा. हे एक मोठं प्रोटीन आहे आणि पेशी त्याचे तुकडे पाडते. कुठले तुकडे पडणार ते त्या पेशीत कुठली एन्झाइम आहेत त्यावर. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत त्याचा एसीटीएच हा ३९ अमिनो ॲसिडचा तुकडा पडतो, तो रक्तातून किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे जातो आणि तिथे कॉर्टिसोल बनवायला लावतो. हायपोथॅलॅमसमध्ये आणखी एक एन्झाइम असतं, ते याच तुकड्याला पुढे कापतं आणि त्याचे पहिले १३ अमिनो ॲसिड म्हणजे अल्फा-एमएसएच, वर मेंदूवेडांनी लिहिलेला तृप्तीचा संदेश. त्याच प्रोटीनच्या दुसऱ्या टोकातून वेदना कमी करणारं बीटा-एंडॉर्फिन.

१९९८ मध्ये जर्मनीतून दोन मुलांची केस प्रसिद्ध झाली, दोघांचं पीओएमसीचं जीन बिघडलेलं. त्या मुलांचे केस लाल, त्वचा फिकट, कॉर्टिसोल बनत नाही म्हणून बाळपणीच जिवावर बेतलेलं, आणि भूक अशी की वजन काही महिन्यांतच हाताबाहेर. नुसतं बघितलं तर लाल केस, ॲड्रिनल आणि भूक यांचा काय संबंध असं वाटेल. पण केसांच्या रंगाचा रिसेप्टर एमसी१आर, ॲड्रिनलचा एमसी२आर आणि भुकेचा एमसी४आर, तिन्ही एकाच घराण्यातले आणि तिघांना लागणारं पेप्टाइड एकाच जीनमधून येतं. आता या मुलांसाठी सेटमेलानोटाइड नावाचं औषध आहे, २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते एमसी४आर चेतवतं आणि भूक खरोखर आटोक्यात येते. पण घेणाऱ्यांची त्वचा काळवंडते कारण ते थोडंफार एमसी१आर ला पण धरतं. याच्या आधी एमसी४आर वर जे एक औषध तपासलं जात होतं त्याने रक्तदाब वाढायचा, आणि उलट ज्यांचा एमसी४आर जन्मतः बिघडलेला असतो त्यांचं वजन जास्त असूनही रक्तदाब त्या मानाने कमी असतो. कारण तोच रिसेप्टर सिम्पथेटिक नसांवरही, म्हणजे रक्तदाब वाढवणाऱ्या नसांवरही, पकड ठेवून आहे.

आता तुमच्याकडे वळते. लेप्टिन हे चरबीच्या पेशी बनवतात, १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमनच्या टीमने शोधलं. सगळ्यांना वाटलं हे वजन कमी करायचं इंजेक्शन होणार. झालं नाही, कारण वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला पूर्वीसारखा दाद देत नाही. मात्र ज्यांच्यात लेप्टिन मुळीच नाही त्यांच्यात ते चमत्कार वाटावा असं काम करतं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये अशी दोन चुलत भावंडं सापडली, मुलगी ८ वर्षांची आणि वजन ८६ किलो, मुलगा २ वर्षांचा आणि २९ किलो. मुलीला लेप्टिन सुरू केलं आणि वर्षभरात १६ किलोच्या वर वजन उतरलं. तिला कोणी मनोनिग्रह शिकवला नव्हता हो, जो संदेश मेंदूला मिळत नव्हता तो मिळाला, एवढंच.

माझ्या मते लेप्टिनचं खरं काम जाडी रोखणं हे नाहीच. ते कमी झालं की मेंदूने घाबरावं, हे त्याचं खरं काम आहे. १९९६ मध्ये उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिलं तेव्हा उपासमारीत थायरॉइड, प्रजनन आणि स्ट्रेस हॉर्मोनमध्ये जे बदल होतात ते बरेचसे थोपले. अन्न मिळत नव्हतंच, फक्त मेंदूला कळवलं की चरबी आहे. तुमच्या बाबतीत याच्या उलट झालंय. चरबी कमी झाली, लेप्टिन पडलं, मेंदूने दुष्काळ समजून एकेक खर्च कापायला घेतला. थायरॉइडला चालना देणारं टीआरएच कमी, त्यामुळे शरीर उष्णता कमी बनवतं आणि हातपाय गार पडतात. किसपेप्टिन नावाचं एक पेप्टाइड आहे, ते प्रजननाची हॉर्मोन सुरू करणाऱ्या जीएनआरएचच्या न्यूरॉन्सना चालना देतं आणि तिथून पुढे पाळीचं चक्र चालतं, ऊर्जा अपुरी आहे असं दिसलं की ही चालना मंदावते आणि पाळी लांबते किंवा बंद होते. जादा व्यायाम आणि कमी खाणं यामुळे पाळी गेलेल्या काही बायकांना अभ्यासात लेप्टिन दिलं तर त्यातल्या काहींची पाळी परत आली. आणि वरच्या बाजूला एनपीवाय-एजीआरपी जोरात, म्हणून डोक्यात दिवसभर अन्न. थंडी, पाळी, भूक हे तुम्ही वेगवेगळे त्रास म्हणून सांगताय, मेंदूच्या दृष्टीने तो एकच निर्णय आहे.

एक कळकळीने सांगते, पाळी लांबतेय हे अंगावर काढू नका. अशीच बंद राहिली तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

कडुनिंब:
सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. माहिती उत्तम आहे पण मला भीती वाटते की हे वाचून लोक हातपाय गाळतील. शेवटी खाल्लेल्या कॅलरी आणि खर्च केलेल्या कॅलरी हा हिशोब कोणाला चुकलेला नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांकडे पण हेच एनपीवाय आणि हेच लेप्टिन होतं की, मग तेव्हा एवढा लठ्ठपणा का नव्हता? मी स्वतः वजन कमी करून टिकवलंय, शिस्तीनेच झालं. ताई, तुम्ही पण करू शकता.

मेंदूवेडा:
कडुनिंब, तुम्ही टिकवलंत हे मोठंच काम आहे, अभिनंदन मनापासून. पण हिशोब बरोबर असणं आणि हिशोबाच्या दोन्ही बाजू आपल्या हातात असणं यात फरक आहे. खर्चाची बाजू मेंदू स्वतः कमी करतो, वर रातराणींनी सांगितलंच.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत ॲन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला, सगळे स्वतःहून आलेले, शिस्तीत कुठे कमी नव्हते. २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजन सुमारे पाव घटलं. उन्हाळ्यातही थंडी वाजायची, नाडी मंद झाली, बोलणं-वाचणं-स्वप्नं सगळं अन्नाभोवती. अर्धपोटी काळ संपल्यावर पोट गच्च भरलं तरी भूक गेली नाही असं त्यातले कित्येक सांगायचे, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं. त्यांच्या निग्रहात खोट होती असं कोणी म्हणेल का?

नेहमीच्या डाएटनंतरही तेच, थोड्या सौम्य रूपात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला, वजन कमी केलेल्या लोकांमध्ये वर्षभरानंतरसुद्धा घ्रेलिन वाढलेलं, लेप्टिन आणि पीवायवाय कमी आणि भूक जास्त, शरीर अजून जुन्या वजनाकडे ओढत होतं. घ्रेलिन म्हणजे जठरातून येणारं, १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलेलं, जेवणाच्या आधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. ते रक्तातून येऊन याच एनपीवाय न्यूरॉन्सना चेतवतं.

आधीच्या पिढ्यांचं म्हणाल तर मुद्दा रास्त आहे, जीन दोन पिढ्यांत बदलत नाहीत, भोवतालचं अन्न बदललं. पण त्याच बदललेल्या भोवतालात काही जण बारीकच राहतात आणि काही जाड होतात, आणि हा फरक बऱ्याच अंशी वारशाने येतो, जुळ्यांच्या अभ्यासांत ४० ते ७० टक्के. वजनाशी जोडलेल्या जीन्सची यादी काढली तर त्यातली खूपशी मेंदूत काम करणारी निघतात. म्हणजे वारसा मिळतो तो बऱ्याच प्रमाणात भुकेचा. शिस्त लागतेच, पण एकाला ती उतारावर लागते आणि दुसऱ्याला चढावर, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

कडुनिंब:
हे शेवटचं पटलं. माझ्या घरात कोणाचंच वजन फारसं नाही, त्या अंगाने मी विचार केला नव्हता. ताई, 'तुम्ही पण करू शकता' म्हणण्याआधी तुमची पाळीची गोष्ट मी नीट वाचायला हवी होती, आधी डॉक्टरकडे जाऊन या.

पहाटपाळी:
झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय, रात्रपाळी करतो त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. ओरेक्सिन नावाचं पेप्टाइड आहे, १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमना जवळपास एकाच वेळी सापडलं. आधी वाटलं हे भुकेचं आहे, कारण उंदराच्या मेंदूत दिलं की तो जास्त खायचा. पण पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. डॉबरमन कुत्र्यांमध्ये एक आनुवंशिक नार्कोलेप्सी म्हणजे अवेळी झोप येण्याचा विकार असतो, कुत्रा आनंदाने उडी मारायला जातो आणि जागच्या जागी कोसळतो, स्नायू एकदम ढिले. त्याचं कारण निघालं ओरेक्सिनचा २ नंबरचा रिसेप्टर बिघडलेला. नंतर कळलं की नार्कोलेप्सी झालेल्या माणसांत रिसेप्टर ठीक असतो पण ओरेक्सिन बनवणारे न्यूरॉनच जवळजवळ संपलेले असतात. मग उलट विचार करून या रिसेप्टरला अडवणारी झोपेची गोळी आली, सुवोरेक्सन्ट, २०१४ मध्ये.

मला यातून कळलं ते असं की उपाशी प्राण्याने झोपून चालत नाही, त्याने जागं राहून अन्न शोधायला हवं, म्हणून भूक आणि जाग एकाच ठिकाणी बांधलेली असणार. लेप्टिन या न्यूरॉन्सना शांत करतं आणि घ्रेलिन जागं करतं. तुमची उथळ झोप यातलीच असेल का हे जाणकारांनी सांगावं. आणि उलटी बाजूही आहे, २००४ च्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. नंतरच्या अभ्यासांत हॉर्मोनचे आकडे दर वेळी असेच आले नाहीत पण कमी झोपलेली माणसं जास्त खातात हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

रातराणी:
हो, ऊर्जा कमी पडत असताना झोप उथळ होणं आम्ही पेशंटमध्ये बघतो. अर्थात झोपेला इतरही शंभर कारणं असतात, एकट्या ओरेक्सिनवर खापर फोडू नये.

स्वल्पविराम:
सगळ्यांचे आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना, खरंच. घरच्यांना हा धागा वाचायला देणार आहे.

एक शंका राहिली. एक रिसेप्टर बंद करून उपयोग नाही म्हणता, मग वजन उतरवणारी ती जीएलपी-१ ची इंजेक्शनं कशी काय चालतात? ती पण एकाच रिसेप्टरवर जातात ना?

मेंदूवेडा:
जातात, पण तिथे रिसेप्टर बंद करत नाहीत, चालू ठेवतात. भूक लावणारी एक वाट अडवली तर शरीर दुसऱ्या वाटेने येतं, पण पोट भरल्याचा संदेश मोठा करून सतत देत राहिलात तर त्याला वळसा घालणं शरीराला अवघड जातं. लठ्ठपणाच्या औषधांचा इतिहास बघितला तर मला हाच फरक सगळ्यात कामाचा वाटतो.

जीएलपी-१ आतड्यात बनतं, आणि मेंदूच्या मागच्या भागातले काही न्यूरॉनही ते बनवतात, म्हणजे ते हॉर्मोनही आहे आणि न्यूरोपेप्टाइडही. अडचण अशी की रक्तात ते दोनेक मिनिटं टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम टोकाचे दोन अमिनो ॲसिड तोडतं आणि संपलं. हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत याच्यासारखंच एक पेप्टाइड सापडलं, त्यात या एन्झाइमला तोडता येईल अशी जागाच नाही, त्यावरून पहिलं औषध २००५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइड या नंतरच्या औषधात तर रेणूला चरबीची शेपटी जोडलीये, ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून बसते, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. मेंदूच्या मागच्या बाजूला एरिया पोस्ट्रेमा म्हणून जागा आहे, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तिथे विरळ असतो, हे औषध तिथे पोचतं. आणि तीच जागा उलटीची पण आहे, म्हणून मळमळ हा त्याचा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास.

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत आलं, कारण खालची एनपीवाय, लेप्टिनची यंत्रणा कुठेच गेलेली नसते. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब वाढतो त्यातलाच प्रकार आहे हा.

बंद करायच्या वाटेने गेलेलं एक औषध लोकांच्या लक्षात असेल, रिमोनाबंट, २००६ मध्ये युरोपात आलं. सीबी१ रिसेप्टर (गांजातला मुख्य घटक ज्याला धरतो तो) अडवायचं, वजन खरंच कमी व्हायचं. पण तो रिसेप्टर मेंदूभर पसरलेला, मूड सांभाळणाऱ्या भागांतही. डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार दिसायला लागले आणि २००८ मध्ये विक्री थांबवली.

स्वल्पविराम:
कळलं. माझ्यासाठी ते इंजेक्शन नाहीच, वजन आता कमीच आहे. रातराणी ताई, रक्तात लेप्टिन आणि घ्रेलिन तपासून घेऊ का? एका लॅबच्या यादीत दिसलं.

रातराणी:
नका, पैसे वाया जातील. लेप्टिन चरबीच्या प्रमाणात वरखाली होतं, तुमचं कमी येणार हे न तपासताच माहीत आहे आणि आकड्यावरून उपचार बदलत नाही. ती तपासणी कामाची आहे ती अगदी लहान वयात, न थांबणाऱ्या भुकेने वजन वाढलेल्या मुलांमध्ये. घ्रेलिनचं तर आणखी अवघड, त्याच्या तिसऱ्या अमिनो ॲसिडवर एक फॅटी ॲसिड चिकटलेलं असतं आणि ते असेल तरच ते भुकेच्या रिसेप्टरला धरतं, रक्त काढल्यावर ते पटकन गळून पडतं. नमुना लगेच थंड करून ॲसिड घालून ठेवला नाही तर आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, आणि रोजच्या लॅबमध्ये हे कोण करतंय.

त्यापेक्षा गायनॅक किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा. आधी प्रेग्नन्सी टेस्ट करतील, मग टीएसएच सोबत टी४, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल. टीएसएच एकटं करू नका, ऊर्जा कमी असताना ते नॉर्मल दिसू शकतं. शेवटच्या काही पाळ्यांच्या तारखा, वजन किती आणि किती काळात उतरलं, व्यायाम किती करता आणि दिवसाला साधारण किती खाता हे कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. आणि तोपर्यंत खाणं आणखी कमी करू नका, व्यायाम थोडा हलका करा.